इशारा कोणाच्या नावे? औषधाने गेलेली दृष्टी आणि दाव्यांचा इतिहास

वैनगंगेच्या पश्चिम तीरावरील ब्रह्मपुरी आणि नदीपलीकडचे देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा हा झाडीपट्टीचा मुलूख धानाच्या बांध्या, तलाव-बोड्या आणि जंगल यांनी घडलेला आहे, आणि या भूरचनेमुळेच हिवताप हा येथील आरोग्याच्या इतिहासातील सर्वांत जुना व चिवट विषय ठरला आहे. ब्रिटिश काळातील चांदा जिल्ह्याची ब्रह्मपुरी ही एक तहसील होती. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा नदीच ढोबळमानाने सीमा झाली, पण तापाने ही सीमा कधी मानली नाही. ताप असेल तेथे त्याचे औषध येते, आणि औषध येते तेथे त्याचे अपायही येतात. या मुलखात दीडशे वर्षांत पोहोचलेल्या औषधांपैकी तीन, म्हणजे क्विनाइन, क्लोरोक्विन आणि क्षयावरील इथॅम्ब्युटॉल, ही डोळ्यांना इजा करू शकणारी म्हणून वैद्यकशास्त्राला परिचित आहेत. त्या इजेबद्दल दाद कोणी, कोणाकडे आणि कोणत्या आधारावर मागायची याचा इतिहास मात्र येथे नव्हे, तर अमेरिका, जपान, मुंबई आणि दिल्ली येथील न्यायालयांत व प्रयोगशाळांत घडला. हा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो : अपायाचा इशारा कोणाला द्यायचा, गोळी लिहून देणाऱ्याला की गोळी गिळणाऱ्याला?

सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनाइन वेगळे काढण्यात पेलेत्ये आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांना १८२० मध्ये यश आले. १८६० नंतर निलगिरी आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाची सरकारी लागवड झाली, आणि १८९२ पासून बंगालमध्ये, पुढे इतर प्रांतांतही, क्विनाइनच्या लहान पुड्या पोस्टातून एका पैशाला विकल्या जाऊ लागल्या. ताप उतरवणारे खात्रीचे औषध, तेही टपालकचेरीच्या खिडकीवर, हा त्या काळातील शासनाचा स्वस्त आणि कल्पक उपक्रम होता, आणि त्याने असंख्य जीव वाचले असतील याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र मोठ्या मात्रेत घेतलेले क्विनाइन काही तासांत कानात घणघण, बहिरेपणा आणि डोळ्यांपुढे अंधारी आणते, क्वचित दृष्टी पूर्णपणे जाते आणि परत आली तरी तिचा परीघ आकसलेला राहतो, हे एकोणिसाव्या शतकातील डॉक्टरांना ठाऊक होते. हे ज्ञान पाठ्यपुस्तकांत होते. पुडी विकणारा पोस्टमास्तर ते जाणत नव्हता, आणि विकत घेणाऱ्याने ते जाणावे अशी अपेक्षाही कोणी केली नव्हती.

अशा पुडीने डोळे गेलेल्या माणसाला दावा करता आला असता का, या प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या कायद्यात जवळजवळ नकारार्थीच मिळते. माल बनवणारा आणि वापरणारा यांच्यात थेट करार नसेल तर वापरणाऱ्याला बनवणाऱ्याविरुद्ध दाद मागता येत नाही, हा इंग्रजी कायद्याचा नियम १९३२ मधील डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या स्कॉटलंडमधील प्रसिद्ध खटल्यापर्यंत सर्वसाधारणपणे टिकून होता. त्या निकालाने प्रथमच असे ठरवले की, मध्ये कोणी तपासणी करण्याची शक्यता नसताना जो माल जसाच्या तसा ग्राहकाच्या हाती पोहोचतो, त्याबाबत निर्मात्यावर त्या अनोळखी ग्राहकाची काळजी घेण्याचे कर्तव्य आहे. मधल्या माणसाचा हा मुद्दा पुढे औषधांच्या बाबतीत निर्णायक ठरणार होता, कारण औषध आणि रोगी यांच्यामध्ये डॉक्टर नावाचा मधला माणूस नेहमी असतो, निदान असायला हवा असतो.

भारतात याच सुमारास सरकारचे लक्ष निराळ्या दिशेला होते. बाजारातील भेसळयुक्त आणि निकृष्ट औषधांबद्दल, विशेषतः क्विनाइनबद्दल, तक्रारी वाढल्यामुळे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३०-३१ मध्ये चौकशी समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींमधून १९४० चा औषध कायदा जन्माला आला. या कायद्याची दृष्टी गुणवत्तेची होती : गोळीत जे असायला हवे ते आहे का, लेबलावर लिहिले तेवढे आहे का, निर्माता परवानाधारक आहे का. गोळीत क्विनाइन कमी असेल ही कायद्याची धास्ती होती. गोळीत क्विनाइन बरोबर असूनही डोळे जातील ही शक्यता त्याच्या चौकटीत बसत नव्हती. नुकसानभरपाईचा दावा सांगणारी तरतूद त्यात नव्हती, कारण तो कायदा उत्पादक आणि सरकार यांच्यातला होता, आणि रोगी त्याचा पक्षकारच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर क्विनाइनची जागा क्लोरोक्विनने घेतली. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाल्यावर ताप आलेल्या प्रत्येकाला रक्ततपासणीचा निकाल येण्यापूर्वीच प्रौढांसाठी ६०० मिलिग्रॅमची मात्रा देण्याची पद्धत रूढ झाली, आणि पुढे तापकेंद्रे व गोळीवाटप केंद्रे यांच्यामार्फत ही पांढरी कडू गोळी जंगलातील टोल्यांपर्यंत गेली. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे : हिवतापासाठी दिल्या जाणाऱ्या एक ते तीन दिवसांच्या मात्रेने दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या मागील भागातील प्रकाश टिपणाऱ्या पडद्याला, इजा होत नाही. इजा होते ती वर्षानुवर्षे रोज घेतलेल्या क्लोरोक्विनने, आणि असा वापर संधिवात व ल्युपस या आजारांत होतो. ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटण्याचा विकार. झाडीपट्टीतील औषध आणि अमेरिकेतील खटले यांचा संबंध म्हणूनच रसायनाचा आहे, रोगाचा नाही.

दीर्घकाळ क्लोरोक्विन घेणाऱ्या रोग्यांच्या दृष्टिपटलावर कायमची इजा होते, मध्यबिंदूभोवती नेमबाजीच्या लक्ष्यासारखी वर्तुळे दिसतात आणि औषध थांबवल्यावरही दृष्टी ढासळत राहू शकते, हे १९५० च्या दशकाच्या अखेरीस दिसून आले. हॉब्ज, सॉर्सबी आणि फ्रीडमन यांचा १९५९ चा लॅन्सेटमधील लेख त्यात महत्त्वाचा ठरला. क्लोरोक्विन अमेरिकेत अॅरलेन या नावाने स्टर्लिंग ड्रग ही कंपनी विकत होती, आणि दृष्टी गमावलेल्या रोग्यांनी १९६० च्या दशकात तिच्याविरुद्ध एकामागून एक दावे लावले. कंपनीचा बचाव असा होता की हा अपाय फार थोड्या, विशेष संवेदनशील प्रकृतीच्या लोकांना होतो, आणि अशा अपवादांची सूचना देण्याची जबाबदारी निर्मात्यावर टाकता येणार नाही. अमेरिकेच्या आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १९६६ मध्ये हा बचाव नाकारला. संख्येने थोड्या लोकांना अपाय होणार हे निर्मात्याला माहीत असेल, किंवा माहीत असायला हवे असेल, तर इशारा देणे त्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र तो इशारा कोणाला द्यायचा हे ठरवताना त्याने अशी मांडणी केली की डॉक्टरने लिहून द्यायच्या औषधात डॉक्टर हा निर्माता आणि रोगी यांच्यामधला ‘जाणता मध्यस्थ’ असतो. त्याला अपायाची आणि त्याच्या लक्षणांची नीट कल्पना दिली तर रोग्याची इजा टळण्याची चांगली शक्यता असते.

औषधांच्या दायित्वाच्या जगभरातील कायद्यात आज जो ‘जाणता मध्यस्थ’ सिद्धांत म्हणून ओळखला जातो, त्याला हे नाव एका क्लोरोक्विनग्रस्त डोळ्याच्या खटल्यात मिळाले, ही बाब कायद्याच्या अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारशी सांगितली जात नाही. त्याहून विचारात घेण्यासारखा आहे तो त्याच न्यायालयाचा १९६९ चा निकाल. तोवर कंपनीने डॉक्टरांना पत्रे पाठवली होती, छापील माहितीत बदल केला होता आणि तेवढ्यावर आपले कर्तव्य संपले असे ती मानत होती. पण डॉक्टरांच्या दवाखान्यात नियमित जाऊन औषधांची भलावण करणारे तिचे विक्री प्रतिनिधी या धोक्याबद्दल बोलतच नव्हते. जी यंत्रणा औषध खपवण्यासाठी सर्वांत प्रभावी म्हणून वापरली जाते तीच यंत्रणा धोका सांगण्यासाठी वापरली नाही, म्हणून इशारा अपुरा होता, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. इशारा छापला की दिला असे होत नाही; ज्याच्यापर्यंत जायचा त्याच्यापर्यंत तो जाईल अशा वाटेने पाठवावा लागतो. भारतातील कोणत्याही वैद्यकीय प्रतिनिधीची बॅग पाहिली असेल त्याला या तर्काचे वजन समजावून सांगावे लागत नाही.

जपानमधील घटना याहून व्यापक होती. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेथे पायांना बधिरपणा, चालण्यातील लुळेपणा आणि अनेकांत दृष्टिनाश अशी लक्षणे असलेला एक आजार पसरत होता. मज्जारज्जू आणि दृक्‌चेता, म्हणजे ज्याला लोक डोळ्याची नस म्हणतात ती, या दोहोंना इजा करणाऱ्या या विकाराला स्मॉन हे संक्षिप्त नाव मिळाले. तो संसर्गजन्य असावा या समजाने रोग्यांना वाळीत टाकले गेले, काहींनी आत्महत्या केल्या. रोग्यांच्या जिभेवर आणि लघवीत दिसणारा हिरवा रंग हे कोडे सुटण्याची किल्ली ठरला, कारण तो रंग हगवणीवरील क्लिओक्विनॉल या औषधापासून तयार झालेल्या रंगद्रव्याचा निघाला. प्राध्यापक तादाओ त्सुबाकी यांनी १९७० मध्ये हा संबंध मांडला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जपान सरकारने विक्री थांबवली. दहा हजारांहून अधिक लोक बाधित झाले होते. सिबा-गायगी, ताकेदा, तानाबे या कंपन्या आणि स्वतः जपान सरकार यांच्याविरुद्ध दावे चालले. कानाझावा येथील न्यायालयाने मार्च १९७८ मध्ये आणि टोकियोच्या न्यायालयाने ऑगस्ट १९७८ मध्ये रोग्यांच्या बाजूने निर्णय दिले, आणि परवाना देऊन लक्ष न ठेवणारे शासनही जबाबदार धरले गेले.

हेच औषध भारतात एन्टरो-व्हायोफॉर्म, मेक्साफॉर्म अशा नावांनी घरोघरी होते. पोट बिघडले की दुकानातून दोन गोळ्या आणणे हा शहरांतील आणि तालुक्याच्या गावांतील सर्वसाधारण शिरस्ता होता, आणि त्यासाठी चिठ्ठी कोणी मागत नसे. मुंबईतील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी १९७७ मध्ये मुंबईत आढळलेल्या स्मॉनविषयीची निरीक्षणे इंग्लंडमधील एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केली, म्हणजे हा विकार केवळ जपानी प्रकृतीचा नाही याची साक्ष महाराष्ट्रातूनच गेली. तरीही भारतात जपानसारख्या दाव्यांची मालिका उभी राहिली नाही. त्याचे कारण भारतीयांच्या सोशिकपणात शोधण्याचा मोह टाळलेला बरा. ते व्यवहारात आहे. चिठ्ठीविना घेतलेल्या गोळीची नोंद कोठेच नसते, आणि नोंद नसलेल्या औषधाने डोळे गेले हे सिद्ध करणे कोणत्याही वकिलाच्या आवाक्याबाहेरचे असते. औषधावर बंदी घालण्याचा स्पष्ट अधिकार केंद्र सरकारला १९४० च्या औषध कायद्यातील १९८२ च्या दुरुस्तीने, कलम २६अ नुसार मिळाला. सिबा-गायगीने हे औषध जगभर थांबवले ते १९८० च्या दशकाच्या मध्यास.

भारतीय न्यायव्यवस्थेने दृष्टिनाशाच्या प्रश्नाला थेट हात घातला तो उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील नेत्रशिबिराच्या निमित्ताने. १९८६ मधील या मोफत शिबिरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांचा शस्त्रक्रिया केलेला डोळा गेला, आणि संशय डोळा धुण्यासाठी वापरलेल्या दूषित सलाइनवर होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये राज्य सरकारला आधीच्या ५,००० रुपयांच्या अंतरिम मदतीशिवाय प्रत्येकी १२,५०० रुपये देण्यास सांगितले. रक्कम क्षुल्लक होती, पण मोफत उपचार घेणाऱ्याचाही डोळा किमतीचा असतो हे तत्त्व त्यात मान्य झाले. दुर्दैवाने हे तत्त्व पुढच्या मार्गावर टिकले नाही. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला, डॉक्टर त्याच्या कक्षेत येतात असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये शांता प्रकरणात ठरवले, पण त्याच निकालाने जेथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते ती रुग्णालये व केंद्रे त्या कक्षेबाहेर ठेवली. नागपूरच्या खासगी दवाखान्यात पैसे मोजणारा माणूस ग्राहक झाला. उपकेंद्रातून मोफत औषध घेणारा मात्र ग्राहक ठरला नाही, आणि त्याला दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता उरला. जंगल जिल्ह्यांतील बहुसंख्य रोगी या दुसऱ्या वर्गातले आहेत, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही.

मुदतीचा प्रश्न आणखी नाजूक आहे. १९९३ च्या दुरुस्तीपासून ग्राहक तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि २०१९ च्या कायद्यातही ती कायम आहे. औषधाची इजा मात्र पंचांग पाहून होत नाही. ती हळूहळू होते आणि लक्षात येते तेव्हा काळ उलटलेला असतो. इजा केव्हा झाली त्यापेक्षा ती केव्हा कळली तेथून मुदत मोजावी, हा युक्तिवाद मुंबईतील एका शस्त्रक्रियेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे २०१० मध्ये आला. पोटात राहिलेला गॉजचा बोळा कळायला अनेक वर्षे लागली होती. न्यायालयाने तत्त्वाचा ऊहापोह केला, पण तक्रारदार स्वतः परिचारिका असल्यामुळे तिने दीर्घकाळच्या वेदनांचा शोध आधीच घ्यायला हवा होता, असे म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरवली. दृष्टी अंधुक झाली तर चष्म्याचा नंबर वाढला असे समजणाऱ्या शेतमजुराला हा न्याय किती जड जाईल, याची कल्पना करता येते.

हे सारे प्रश्न आज इथॅम्ब्युटॉलच्या बाबतीत एकत्र आलेले आहेत. १९६० च्या दशकाच्या आरंभी वापरात आलेले हे क्षयावरील औषध दृक्‌चेतेला इजा करू शकते, हे त्याच दशकात नोंदले गेले. इजेचा धोका मात्रेवर आणि कालावधीवर अवलंबून असतो, शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास तो कमी आणि २५ मिलिग्रॅमपाशी बराच अधिक असतो, आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत तो वाढतो, कारण औषध मूत्रावाटे बाहेर पडते. दुखत काहीच नाही. सुरुवातीला लाल आणि हिरवा यांतील फरक पुसट होतो, मग नजरेच्या मधोमध धुके येते, आणि डॉक्टरने ऑफ्थॅल्मोस्कोप लावून डोळ्यात पाहिले तरी आरंभी आतला पडदा ठीक दिसतो. वेळेत थांबवले तर बहुतेकांची दृष्टी सुधारते, सर्वांची नाही. पूर्वीच्या कार्यक्रमात नव्या रोग्याला हे औषध आठवड्यातून तीनदा, पहिले दोन महिने मिळत असे; २०१७ पासून देशभर दैनंदिन उपचार लागू झाल्यावर ते पूर्ण सहा महिने, रोज मिळू लागले. क्षयजंतूंचा औषधांना होणारा प्रतिकार पाहता हा बदल वैद्यकीयदृष्ट्या समर्थनीय आहे, आणि क्षयाची गोळी भीतीपोटी मनाने सोडणे हे गोळी घेण्यापेक्षा कितीतरी घातक आहे. परंतु डोळे तपासण्याची निकड या बदलाने वाढली, हे नेत्रतज्ज्ञ सांगत आले आहेत.

या औषधाच्या वेष्टनाकडे जवळून पाहिले तर इशाऱ्याचा प्रवास कोठे खुंटतो ते दिसते. औषध नियमांतील, २०१४ पासून लागू असलेल्या परिशिष्ट एच-१ मध्ये इथॅम्ब्युटॉलचा समावेश आहे. त्यानुसार लेबलावर लाल चौकटीत सूचना असावी लागते, आणि दुकानदाराने रोग्याचे व डॉक्टरचे नाव आणि दिलेल्या औषधाचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपायची असते. सूचना इंग्रजीत असते. दुकानात पट्टा कात्रीने कापून चार गोळ्या दिल्या की बॅच क्रमांक एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर जाते, आणि खिशात येतो तो तुकडा कोणत्याही दाव्यासाठी जवळजवळ निनावी असतो. सरकारी कार्यक्रमातील गोळ्या तर दुकानाच्या वहीत येतच नाहीत. त्या आशा सेविकेच्या किंवा आरोग्य सेवकाच्या हातून रोग्याच्या तळहातावर येतात, आणि सविस्तर माहितीपत्रक असलेच तर ते खोक्यातच राहते.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याने प्रथमच उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आणले. कलम ८४ नुसार पुरेशा सूचना वा इशारा न दिल्याबद्दल निर्माता जबाबदार धरता येतो. तक्रार रोगी राहतो तेथील जिल्हा आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही, हे ब्रह्मपुरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या तालुक्याला उपकारक आहे. माल विकत घेणाऱ्याच्या संमतीने तो वापरणाराही ग्राहक ठरतो ही व्याख्या पाहता, सरकारने विकत घेऊन दिलेली गोळी गिळणाऱ्यालाही दार उघडे आहे, असा अर्थ लावण्यास वाव आहे. परंतु कलम ८७ मध्ये एक अपवाद आहे : जे उत्पादन कायद्याने केवळ तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायचे असते, त्याबाबत निर्मात्याने तज्ज्ञाला इशारा पोहोचवण्याचे वाजवी प्रयत्न केले असतील तर तो जबाबदार नाही. १९६६ च्या क्लोरोक्विन खटल्यातला जाणता मध्यस्थ अशा रीतीने, नाव न घेता, भारतीय कायद्यात येऊन बसला आहे.

तो मध्यस्थ अमेरिकेतील त्या रोग्याला महिन्यामागून महिना भेटणारा डॉक्टर होता. झाडीपट्टीत निदान करणारा डॉक्टर एक असतो, रोज गोळी खाताना पाहणारी व्यक्ती दुसरी असते, आणि रंग ओळखण्याची तपासणी करू शकणारा नेत्रतज्ज्ञ तिसऱ्याच गावी असतो. १९६९ च्या निकालाचा तर्क येथे लावला, तर वाजवी प्रयत्न म्हणजे ज्या वाटेने गोळी जाते त्या वाटेने इशारा पाठवणे होय, आणि ती वाट आशा सेविकेच्या पिशवीतून जाते. लाल-हिरव्यातला फरक कळेनासा झाला किंवा अक्षरे पुसट दिसू लागली तर त्याच दिवशी सांगा, एवढे एक वाक्य मराठीत आणि गोंडीत त्या पिशवीतील कार्डावर छापलेले नसेल, तर कलम ८७ चा आसरा निर्मात्याला मिळू नये. आणि औषधाचा कोणताही अपाय फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या अपायांवर नजर ठेवणाऱ्या, कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रोग्याला स्वतःही नोंदवता येतो. ही नोंद भरपाई देत नाही, पण तारीख घातलेला पहिला कागद तीच असते.